एका हाताची म्हैस

परवा पुन्हा एकदा बोटं देऊन आले. काचेवर आधी उजव्या हाताची चार, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे जोडीनं. हिरवा दिवा लागला. काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करताच ‘ओके’ म्हटलं आणि मागच्या माणसाला खूण केली. झालं, माझा व्हिसा आणखी दोन वर्षांसाठी वाढला. मी मात्र तिथंच, स्वतःचे पंजे उलटेसुलटे करून बघत उभी. अगं बया, ही बोटं माझीच का? मऊ, साफ, कुठं चीर नाही की घट्टा नाही. मागचा माणूस ‘बहनजी, चलिए’ म्हणाला तेव्हा बाजूला झाले आणि बाहेर पार्किंगच्या पत्र्याखाली उगीचच बसून राहिले. खरं तर आनंद व्हायला हवा होता. वाटली ती नुसती लाज.

कारण हे मी अजून आत्तींना सांगितलेलं नाही. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्ती म्हणायची पद्धत आहे. त्या कोडोलीत एकट्या राहतात. एकट्या म्हणजे त्या आणि चांदी नावाची आमची म्हैस. ‘दोनच वर्सं आत्ती, मग कायमची परत येतो,’ असं सांगून मी आखातातल्या या शाळेत गणित शिकवायला आले. (आमच्याकडं बायका स्वतःबद्दल ‘येतो, जातो’च म्हणतात. इथं येऊन मी ‘येते, जाते’ शिकले. काय काय शिकले इथं येऊन!) ती दोन वर्षं भरली. आणि मी बोटं देऊन आले. कुणी हात धरून नेलं नव्हतं मला. माझी मीच टॅक्सी करून गेले होते.

तिकडं आता हंगाम सुरू झाला असणार. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायला आणि साखर कारखान्याचं धुराडं पेटायला आमच्याकडं एकच गाठ पडते. मग चार महिने गावाचा वासच बदलतो. मळीचा तो आंबूस, गोडसर, नाकात बसणारा वास. पावण्यांना तो सहन होत नाही, आम्हाला त्याच्याशिवाय थंडी आल्यासारखी वाटत नाही. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी, मागं धावून ऊस उपसणारी पोरं, आणि त्यांना ड्रायव्हरनं हासडलेल्या शिव्या. आणि घरोघर हिरवंगार वाडं. ऊस तोडला की वरचा जो पाल्याचा शेंडा उरतो ते वाडं. म्हशी ते खातात तेव्हा अख्ख्या गल्लीत कराकरा आवाज येत राहतो. हंगामात म्हशीचं तोंड आणि बाईचे हात, दोन्ही थांबत नाहीत. इथं हंगाम नावाची भानगडच नाही. एसी लावायचे महिने आणि एसी बंद ठेवायचे महिने, एवढेच दोन ऋतू. तरीही नोव्हेंबर लागला की मला झोपेत मळीचा वास येतो, आणि जाग आल्यावर छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.

कारण माझ्या व्हिसाचाही हंगामच होता तो. अशीच थंडी, असंच वाडं. मी गावच्याच शाळेत विनाअनुदानित तुकडीवर शिकवत होते. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर वर्षांमागून वर्षं जातात, त्यातलीच मी एक. तिथल्याच एका जुन्या सहकारी बाईंनी इथल्या शाळेचं सुचवलं, मोबाईलवर मुलाखत झाली, त्यांनी मला घेतलं, आणि मग सुरू झाली ती कागदांची वरात. डिग्रीवर शिक्का, त्या शिक्क्यावर शिक्का, तो शिक्का खरा आहे म्हणून आणखी एक शिक्का. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. आत्ती चुलीपुढं बसून सगळं ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, ‘लगीन जमवताना बी एवढी चौकशी करत न्हाईत गं. तुला शिकवायला बोलवत्यात का सून करून घ्यायला?’

पोलिसांच्या दाखल्यासाठी हवालदार घरी आला तो दिवस आठवतो. भला माणूस. चहा घेतला, दुसरा कप घेतला, माझ्यावर एकही गुन्हा नाही याचं त्याला थोडं वाईटच वाटलं असावं. मग आत्तींकडं वळून म्हणाला, ‘म्हातारे, सून परत येनार न्हवं?’

‘जायला तरी कुठं गेलीया अजून?’ आत्ती म्हणाल्या.

‘तसं न्हाय. घरात मानसं किती?’

‘दोन. आनी एक म्हस.’

‘म्हस कशाला सांगताय?’

‘मग ती काय भाड्यानं र्‍हातीया व्हय?’

हवालदार हसून हसून खोकला. मीही हसले. पण हसता हसता मनात आलं, मी गेल्यावर कुणी विचारलं तर त्या काय सांगतील? एक माणूस, एक म्हैस. पापड मोडावा तसं घर मोडत होते मी, आणि वर चहा पाजत होते.

का जात होते? पगारासाठी, हे सगळ्यांना पटणारं उत्तर. ते खोटंही नाही. पण खरं सांगायचं तर मला कोडोलीतून निघायचं होतं. महेश, माझा नवरा, अशाच एका हंगामात गेला. संध्याकाळच्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, आणि ह्याची मोटारसायकल तिच्यावर गेली. त्यानंतर गावानं मला फार जपलं. इतकं जपलं की मी दुकानात शिरले की बायका बोलता बोलता आवाज खाली करायच्या. हळदीकुंकवाला वगळायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिळगूळ आणून द्यायच्या. चुकून मोठ्यानं हसले तर समोरची माझ्याकडं अशी बघायची, जणू मी कर्जाऊ आणलेलं हसू उधळतेय. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथं मी फक्त गणिताची बाई असेन. हे मी आत्तींना कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? माझा नवरा गेला होता, पण त्यांचा तर मुलगा गेला होता. त्यांना कुठल्या देशाचा व्हिसा मिळणार होता?

आता चांदीबद्दल सांगायला हवं.

काही म्हशी एका हाताच्या असतात. म्हणजे धार काढणारा हात ओळखीचा असेल तरच दूध उतरवतात. दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरतात. कास टम्म भरलेली असते, रेडकू ढुशा देत असतं, पण सडातून थेंब येत नाही. चांदी त्यातली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. नखरे मात्र सोन्याचे. ती महेशच्या हाताची होती. तो गेला त्या दिवशी घरात कुणाला म्हशीची शुद्ध होती? दुसऱ्या दिवशी ती हंबरायला लागली. गल्लीतल्या सराईत बायका येऊन बसल्या, शेजारच्या शांताक्कानं तर पेंड चारून, पाठ खाजवून, गोड बोलून सगळं करून बघितलं. चांदीनं लाथेसरशी चरवी उडवली. कास दगडासारखी झाली होती, आणि ती दुखण्यानं नुसती पाय झाडत होती.

तेव्हा आत्ती भिंतीला टेकून बसलेल्या, त्या उठल्या. महेशचा गोठ्यातला शर्ट खुंटीवर होता, न धुतलेला. तो त्यांनी माझ्या अंगावर घातला. अक्षरशः लहान मुलाला घालावा तसा, एकेक हात धरून. ‘माज्या हातात त्राण न्हाय,’ म्हणाल्या, ‘तू बस खाली.’ माझं माहेर गारगोटीचं, वडील मास्तर. मी आयुष्यात म्हशीखाली बसले नव्हते. बसले. चांदीनं मान वळवून शर्ट हुंगला. परत हुंगला. आणि पान्हा सोडला. मला धड सड धरता येत नव्हता, अर्धं दूध माझ्या मांडीवर सांडत होतं, शर्टाला घामाचा, बिडीचा, महेशचा वास येत होता, आणि मी तोंड दाबून रडत होते. आत्ती मागं उभ्या राहून सांगत होत्या, ‘अंगठा आत घे. आत घे अंगठा. हां, अशी.’ त्या दिवसापासून चांदी माझी झाली. पुढं कधीतरी शर्ट फाटला, तोवर तिला माझाच हात कळायला लागला होता.

म्हणून व्हिसाच्या त्या हंगामात आमच्या घरात दोन परीक्षा चालू होत्या. माझे कागद पास होतात का, आणि चांदी आत्तींना पास करते का. आत्तींनी स्वतःच सांगून टाकलं होतं, ‘तू जायच्या आत तिला माजा हात कळाय पायजे. न्हाय कळला तर इकायची. भाकड पोसायला मी काय राजा लागून गेलो व्हय?’ आणि मी, काय बोलतेय याचा विचार न करता, ‘बरं’ म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आत्तींनी वर बघितलं. तो ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे. म्हैस विकली तर त्या घरात पहाटे उठायला काही कारणच उरणार नव्हतं. तेवढं कळण्याइतकी अक्कल मला होती, आणि तरीही माझ्या डोक्यात फक्त मुंबईला बोटं द्यायला जायची तारीख होती.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. आत्ती बसायच्या, चांदी पान्हा चोरायची. पेंड, सरकी, भिजवलेला हरभरा, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. वाड्याचा ढीग पुढ्यात टाकला, तो बाईसाहेबांनी खाल्ला आणि दूध मात्र वर ओढून घेतलं. आत्ती शिव्या द्यायच्या, ‘सटवे, तुला काय मी परकी हाय? तुज्या आईचं बाळतपण मी केलंय!’ शेवटी मी जायचे, दोन मिनिटांत चरवी भरून फेस यायचा. मला तेव्हा बरं वाटायचं. हो, वाटायचं. म्हशीला का होईना, कुणाला तरी माझ्यावाचून चालत नाही याचं. आत्ती बाजूला उभ्या राहून मनगट चोळायच्या, आणि मी मनातल्या मनात मिरवायचे. काय म्हणावं मला!

एक दिवस शाळेतून आले तर गोठ्यात मीच बसलेली. म्हणजे माझा गाऊन. धार काढताना मी घालायचे तो, जुना, फुलाफुलांचा. त्यात आत्ती. खाली लुगड्याचा काष्टा, वर गाऊन, डोक्याला माझा स्कार्फ. या बाईनं मला लग्नाच्या नव्या नवलाईत सांगितलं होतं, ‘गाऊन घालून दारात यायचं न्हाय, आमच्यात चालत न्हाय.’ मला हसू आवरेना. आत्तीही हसायला लागल्या, ‘दात काय काढतीस? कशी दिसतो मी? शेरातली मॅडम दिसतो का न्हाय?’ चांदी बिचारी एकदा गाऊन हुंगायची, एकदा तोंडाकडं बघायची. तिचाही गोंधळ झाला होता.

हसता हसता मी थांबले. हे मी आधी बघितलं होतं. असंच, याच गोठ्यात, याच म्हशीपुढं. माणूस गेलं की त्याचे कपडे घालून म्हशीला फसवायचं. पण तो तर गेलाच होता. मी जिवंत होते, दारात चपला काढत होते, पिशवीत वह्या होत्या. आणि आत्तींनी माझी सवय मोडायला सुरुवात केली होती. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांच्या मनातही आलं नसेल. पण मला त्या रात्री भाकरी गिळेना. ‘काय गं, पोट दुखतंय?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी ओवा दिला.

आणि मग तो ड्रेस. मुंबईला बोटं द्यायला जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. जायच्या आधी घर स्वच्छ करून ठेवावं म्हणून मी उत्साहाच्या भरात सगळे जुने कपडे भिजवले, त्यात तो गाऊनही पावडर टाकून, ब्रशनं घासून, खळखळून धुतला. किती शहाणी मी! गाऊन चकाचक झाला आणि वास गेला. आत्ती संध्याकाळी तो घालून बसल्या तर चांदीनं लाथ मारली. तेव्हा त्यांनी काय करावं? घरात शोधलं. खुंटीवर माझा निळा ड्रेस होता. नवा. आदल्या दिवशी मी तो घालून कागदांसाठी कोल्हापूरला जाऊन आले होते, एसटीत उभी राहून. उद्या मुंबईला तोच घालायचा म्हणून इस्त्रीसाठी अडकवून ठेवला होता. आत्तींनी हुंगून बघितलं. घामाचा वास होता. त्यांना तेवढंच हवं होतं.

मी बाजारातून आले तर त्या निळ्या ड्रेसमध्ये, गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेल्या, ओढणी कमरेला गुंडाळलेली, आणि तोंडावर हसू. ‘बग, आज दोन सडं दिली तिनं! दोन!’

मी काय करावं? मी ओरडले. ‘तुमाला काय कळतंय का न्हाय? उद्याचा ड्रेस हाय तो! माजं काय चाललंय, तुमाला काय पडलंय का? तुमाला नुसती म्हस दिसतीया!’ गल्लीत ऐकू गेलं असणार. शांताक्का दारात येऊन परत आत गेली. आत्ती तशाच उभ्या. त्यांना उलट बोलता येत नाही असं नाही, हवालदाराला गप्प करणारी बाई ती. पण तेव्हा त्यांनी ओढणी सोडली, घडी घातली, शेणाचीच घडी, आणि माझ्या हातात दिली. ‘तुजा घाम होता त्याला,’ एवढंच म्हणाल्या. मग न्हाणीत जाऊन ड्रेस बदलला, तो स्वतः धुतला आणि चुलीच्या उबेला पसरला. मी हातातलं काम सोडून ‘राहू द्या, मी धुतो’ म्हणाले नाही. नुसती फुगून बसले. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रेस, जरासा दमट, घालून मी मुंबईत त्या थंडगार ऑफिसात उभी होते. चुलीच्या धुराचा वास, त्याखाली शेणाचा, त्याखाली साबणाचा. मला सगळ्यांना कळतंय असं वाटत होतं. आणि मशीन माझी बोटं घेईना. काचेवर दाबली, लाल दिवा. परत दाबली, परत लाल. विळ्यानं वैरण कापून, शेण काढून, सड ओढून बोटांच्या रेघाच झिजल्या होत्या. अंगठ्याच्या पेरावर तर दगडासारखा घट्टा. काउंटरवरचा मुलगा सौजन्याचा पुतळा. ओला रुमाल दिला, मलम दिलं, ‘थोडं चोळा मॅडम’ म्हणाला. मग विचारलं, ‘आप काम क्या करती हैं?’

‘टीचर हूँ,’ मी म्हणाले.

त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हात टेबलाखाली घेतले. वाटलं असतं तर सांगता आलं असतं, म्हैस आहे घरी, धार काढते मी, चांदी नाव तिचं, दुसऱ्या कुणाला देत नाही. तो हसला असता, झालं. पण मी बोटं चोळत राहिले. जोरजोरात, डाग काढावा तशी. पाचव्या का सहाव्या वेळेला हिरवा दिवा लागला, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. परतीच्या गाडीत मात्र त्या मलमाचा वास मला सहन होईना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चांदीनं आत्तींना पास केलं. मी स्वयंपाकघरात होते. गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आला. रिकाम्या भांड्यात पहिली धार वाजते, मग दूध चढेल तसा आवाज घोगरा होत जातो. मी लाटणं हातात धरून ऐकत राहिले. किती आनंदाची गोष्ट! म्हैस विकायची नाही, आत्ती एकट्या पडणार नाहीत, मी निवांत जायला मोकळी. आणि मला रडू यायला लागलं. कारण आतल्या आत मी वाट बघत होते की चांदी ऐकणारच नाही, आत्ती म्हणतील ‘नको जाऊ गं’, आणि मी मोठा त्याग केल्यासारखं करून राहीन. मला जायचं तर होतं, पण कुणीतरी अडवायलाही हवं होतं. कुणी अडवलं नाही. आत्ती भरलेली चरवी घेऊन आत आल्या, घामानं डबडबलेल्या, आणि म्हणाल्या, ‘जा आता तू बिनघोर.’ दोन आठवड्यांनी व्हिसा आला.

इथं माझं चांगलं चाललंय. हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतं, पण खरं आहे. पोरं हुशार आहेत, फळ्यावर लिहायला खडू नाही, पेनानं लिहायचं. कुणी माझ्यापुढं आवाज खाली करत नाही. शाळेच्या सहलीत मी मोठ्यानं हसते आणि कुणी वळून बघत नाही. शुक्रवारी उशिरापर्यंत झोपते. दूध मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमधून येतं, त्याला कसलाच वास नाही. पहिल्या महिन्यात मी तो कॅन उघडून हुंगायचे. आता तेही करत नाही. आत्तींना फोन रोज करते. त्या व्हिडिओवर येत नाहीत, ‘थोबाड काय बगायचं, आवाज ऐकला की झालं,’ म्हणतात. मला वाटतं, त्यांना माझ्या मागची भिंत बघायची नसते.

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर सुट्टीवर गेले होते. पहिल्याच पहाटे जाग आली. अंगाला सवय असते, ती दीड वर्षात कुठं जाते? केस बांधले, चरवी घेतली, गोठ्याकडं निघाले. चांदीनं मला ओळखलं की काय कोण जाणे, कान हलवले. इतक्यात आत्ती मागून आल्या आणि दारात हात आडवा लावला.

‘कुठं?’

‘धार काढतो की मी. तुमी पडा जरा.’

‘नको.’

‘अवो आत्ती, म्हैनाभर तरी तुमच्या मनगटाला इसावा.’

‘नको म्हंतो न्हवं? तिला परत तुजी सवय लागंल.’

‘लागू दे की! पुढच्या वर्सी तर मी कायमची यायलीय.’

त्यावर त्यांनी माझ्या हातातली चरवी घेतली आणि आत गेल्या. गोठ्यात शिरताना पदर खोचला, माझा गाऊन केव्हाच लागेनासा झाला होता. मी बाहेर पायरीवर बसून धारेचा आवाज ऐकला. मग चहा आला, तोही कपबशीत, बिस्किटांसकट. महिनाभर मी त्या घरात पावण्यासारखी राहिले. झाडू घेतला तर काढून घेतला जायचा, भांड्याला हात लावला तर ‘र्‍हाऊ दे, चार दिस आलीयास’. मला राग आला होता. वाटलं, म्हातारीनं म्हैस अशी कशी आपल्या एकटीची करून घेतली! माझ्यावर रुसली असणार, ड्रेसचं मनात धरून बसली असणार. कुठलं कुठलं काढत बसले मी. विमानात बसले तेव्हाही घुश्शातच होते.

आज शुक्रवार. परवा बोटं दिली तेव्हापासून फोनवर मी नुसतं हवापाण्याचं बोलतेय. ऊस कुठवर आला, थंडी पडली का, शांताक्काच्या नातवाला दात आले का. एवढं लिहिलं आणि म्हटलं, आता बस्स. कॅलेंडरवरची तारीख पुढं सरकवून काही होत नाही. फोन लावला. तिकडं दुपार कलली होती. चांदी वाडं खात होती, कराकरा आवाज थेट इथपर्यंत येत होता. लांब कुठंतरी ट्रॅक्टरवरचं गाणं.

‘आत्ती, एक सांगायचं हुतं.’

‘सांग की.’

‘माजा व्हिसा वाढला. अजून दोन वर्सं.’ आणि मग घाईघाईनं, न थांबता, ‘म्हंजे शाळेनंच इचारलं, मी न्हाय म्हनायला पायजे हुतं, मला म्हाईत हाय, तुमाला मी शब्द दिल्ता, मी, आत्ती, मी चुकलो...’

‘गप की,’ त्या म्हणाल्या. रागानं नाही. ‘म्हाईत हुतं मला.’

‘कवापास्नं?’

‘उनाळ्यात आलतीस तवापास्नं. तुजं त्वांडच सांगत हुतं. म्हनून तर तुला गोठ्यात शिरू दिली न्हाय.’

त्याच बोलत राहिल्या, शेंगा निवडताना बोलावं तशा, सावकाश. ‘म्हेशाच्या मागं एकदा सवय मोडली. तुज्या मागं एकदा मोडली. तू म्हैनाभर हात लावून गेली असतीस तर पुन्यांदा मोडायला लागली असती. आता न्हाय ते झेपायचं.’

‘चांदीला?’ मी विचारलं.

‘चांदीला काय हुतंय?’ आत्ती म्हणाल्या. ‘चार मुठी पेंड टाकली की ती कुनाची बी हुतीया. जेवून घे तू.’

आणि त्यांनी फोन ठेवला.